चौथ्या कमानीतलं दुकान

आमच्या नदीवरच्या जुन्या दगडी पुलाला चार कमानी आहेत. तीन नदीच्या आणि चौथी आपली, असं माझे बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं. चौथी कमान काठावर, कोरड्या जमिनीवर येते. नदी येते त्या बाजूने तिच्यात जमिनीपासून माथ्यापर्यंत भिंत घातलेली होती, दुसऱ्या बाजूला दार आणि खिडकी. पुढे बाबांचं केस कापायचं दुकान आणि पडद्यामागे आमचं घर. छत म्हणजे पूल. डोक्यावरून ट्रक गेला की आरशापुढच्या बाटल्या एकमेकींवर आपटायच्या आणि आई बोलता बोलता हातातला कप उचलून धरायची. शाळेत कुणी ‘कुठे राहतेस’ विचारलं की मी ‘पुलाखाली’ म्हणायचे. मग ‘तसं पुलाखाली नाही गं’ हे समजावण्यात मधली सुट्टी संपायची.

बाबांची पुलाची गोष्ट सगळ्या गावाला पाठ होती. दाढीला आखूड, केस कापायला लांब, आणि दोन्ही असलं तर गिऱ्हाइकाचं काही खरं नव्हतं. गळ्यावर वस्तरा असलेल्या माणसाला मधे बोलता येत नाही, याचा बाबांनी जन्मभर फायदा घेतला. गोष्ट अशी की, पूल बांधणाऱ्या मिस्त्रीच्या तीन कमानी झकास उभ्या राहिल्या. चौथी मात्र खालचा लाकडी साचा काढला की बसायची. मिस्त्रीने हात टेकले. झोप उडाली, दाढी वाढली. माझे पणजोबा तेव्हा काठावर मजुरांना दगडावर बसवून त्यांच्या दाढ्या करायचे. मिस्त्री त्यांच्यापुढे येऊन बसला. पणजोबांनी फेस लावला, एक गाल केला आणि म्हणाले, ‘मिस्त्री, कमानीत भिंत घाला.’ भिंत घातली, कमान उभी राहिली, आणि बक्षीस म्हणून ती आमच्या घराण्याला मिळाली.

“तेव्हापासून हा पूल आमच्या भिंतीवर उभा आहे,” असं म्हणून बाबा टॉवेल झटकायचे. टॉवेल झटकला की गोष्ट संपली आणि दाढीही.

ही गोष्ट मला लहानपणी फार आवडायची. पुढे ती डोक्यात जायला लागली, आणि त्याचं कारण माझं लग्न.

मी लग्न करून पलीकडच्या काठावर गेले. नवऱ्याची गाडी शिकवायची शाळा आहे. तो कागदपत्रं बघतो आणि शिकवते मी, कारण ओरडायला मला जमतं. पुलाला मधे चांगलाच उंचवटा आहे. त्या चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करायची आणि मागे जाऊ द्यायची नाही, हा माझ्याकडचा सगळ्यात अवघड धडा. पलीकडून चढायचं, अलीकडे उतरायचं, वळून परत. म्हणजे दिवसभर मी बाबांच्या डोक्यावरून ये-जा करायचे. आणि बाबा एकदाही पलीकडे आलेले नव्हते. बाजार, दवाखाना, बँक, सगळं अलीकडे. त्यांचं काही अडत नव्हतं. माझं लग्न मात्र पलीकडच्या हॉलमध्ये होतं. त्या आठवड्यात नदीला पाणी होतं. ‘भिंत सोडून कसा येऊ?’ म्हणाले, आणि आले नाहीत. आई एकटी आली. लोक तिला विचारत होते आणि ती प्रत्येकाला ‘त्यांना भिंत सोडवत नाही’ एवढंच सांगत होती.

रागाच्या बाबतीत माझी स्मरणशक्ती उत्तम आहे. माझी मुलगी झाली तेव्हा बाबा आले नाहीत. आम्ही घर बदललं तेव्हा आले नाहीत. मी मात्र जात राहिले. मुलीचे केस त्यांच्याकडूनच कापून घ्यायचे, भांडायचे आणि परत यायचे. आई गेल्यावर तर ते तिथे एकटेच राहिले. भिंतींना ओल, रात्री खोकला, स्वयंपाक म्हणजे चहा. मी म्हटलं, ‘माझ्याकडे चला.’ ते म्हणाले, ‘आणि भिंत?’ त्या भिंतीचा मला सवतीसारखा राग यायचा. मला फक्त एवढंच हवं होतं की बाबांनी माझ्या घरी यावं. राहायला नाही तर नाही, निदान एकदा तरी उंबरा ओलांडावा.

मागच्या पुरानंतर पुलावर तडा दिसला. तिसऱ्या आणि चौथ्या कमानीच्या मधला खांब थोडासा खचला होता. पुलावर गाड्यांना बंदी आली. माझे विद्यार्थी मैदानात गोल गोल फिरायला लागले आणि मी त्यांच्यावर दुप्पट ओरडायला लागले. मग पूल तपासायला एक इंजिनीअर आला. तरुण, सभ्य, चार दिवस चिखलात उतरून खांबाच्या पायाशी माप घेत बसलेला. पाचव्या दिवशी तो दाढी करायला बाबांकडे गेला. तिथे काय झालं ते मला दोघांनीही सांगितलं आणि दोघांचं सांगणं जुळलं.

बाबांनी त्याला अर्थातच गोष्ट सांगितली. इंजिनीअर मान न हलवता ऐकत होता. पणजोबांनी मिस्त्रीचा एक गाल केला, इथपर्यंत गोष्ट आली तेव्हा इंजिनीअरचाही एक गाल झाला होता. बाबांनी वस्तरा पुसायला हात बाजूला नेला, तेवढ्यात तो म्हणाला, “काका, गोष्ट छान आहे. पण ही भिंत पाडावी लागणार आहे.”

बाबांनी वस्तरा मिटला. टॉवेल काढून घेतला. “दुकान बंद,” म्हणाले.

“अहो, दुसरा गाल?”

“दुकान बंद झालं, साहेब.”

मी तेव्हा बाबांकडे जायला पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी पोचले होते. दुकानाकडच्या पायऱ्या चढून एक माणूस वर आला, अर्ध्या चेहऱ्यावर फेस वाळलेला. मला हसू आवरेना.

“ताई, तुम्ही त्यांची मुलगी ना?” तो म्हणाला. “जरा मदत करा. नाहीतर मी ऑफिसात असा कसा जाऊ?”

कठड्याला टेकून त्याने मला पुलाचा खरा इतिहास सांगितला. नदीवाल्या तीन कमानी रोजच्या पाण्यासाठी होत्या आणि चौथी पुरासाठी. बांधणाऱ्याला नदी चांगली माहीत होती. कोरड्या जमिनीवर कमान घालायला त्याला वेड लागलं नव्हतं. पाणी वाढलं की ते चौथीतून निघून जावं आणि खांबांवरचा भार हलका व्हावा, असा हिशेब. आमची भिंत नंतरची. पुलाचे दगड डोंगरातले, घडवलेले. भिंतीत नदीतले गोटे आणि विटा. भिंतीने चौथी वाट बंद केली. मग पुराचं जादा पाणी तिसरीत घुसायचं आणि शेजारच्या खांबाचा पाया खणून न्यायचं. इतक्या पिढ्या ते चाललं होतं.

“म्हणजे भिंतीने पूल धरलेला नाही?” मी विचारलं.

“भिंत वर कमानीला टेकली आहे का, ते आधी बघावं लागेल. टेकली नसेल तर तिने काहीच धरलेलं नाही. उलट पुलाला तीच नडते आहे.”

खरं सांगते, आधी मला आनंद झाला. एवढी वर्षं जिच्यामुळे बाप माझ्या घरी आला नाही, ती भिंत जाणार. आणि तो आनंद पायऱ्या उतरेपर्यंतसुद्धा टिकला नाही. म्हाताऱ्या माणसाला जाऊन काय सांगायचं? की तुम्ही जन्मभर जी राखलीत तिने काहीच राखलं नव्हतं? की तुमच्यामुळे पूल उभा नव्हता, तुमच्यामुळे खचत होता? पायऱ्यांवर मधेच माझे पाय थांबले. मागून उतरणारा इंजिनीअरही थांबला.

दार उघडंच होतं. बाबा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले होते, आरशाकडे पाठ करून.

“बाबा, ह्यांचा दुसरा गाल करा,” मी म्हटलं. “मग काय भांडायचं ते भांडू.”

ते उठले. पाणी गरम केलं, फेस लावला, दुसरा गाल केला, तुरटी फिरवली. त्यांनी गोष्ट न सांगता केलेली, मी पाहिलेली ती पहिलीच दाढी. दुकानात वस्तऱ्याचा आवाज ऐकू येतो हे मला त्या दिवशी कळलं.

इंजिनीअर गाल चाचपत उठला आणि शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाला, “काका, शिडी मिळेल? भिंतीचा वरचा भाग बघायचा होता.”

“शिडी कशाला?” बाबा म्हणाले. त्यांनी फळीवरचा लांब कंगवा उचलला, चपला काढल्या आणि खुर्ची मागच्या भिंतीशी ओढून तिच्यावर चढले. मी धावले, त्यांनी हातानेच थांबवलं. भिंत आणि कमान जिथे भेटतात तिथे चुन्याची जाड रेघ होती, दरवर्षी नव्याने भरलेली. बाबांनी नखाने चुन्याचा पोपडा काढला आणि तिथे कंगवा आत सारला. कंगवा शिरत गेला. मुठीपर्यंत आत गेला. मग त्यांनी तो फटीतून या टोकाकडून त्या टोकाकडे ओढत नेला, आणि चुना खाली आमच्या डोक्यांवर पडत राहिला.

“टेकलेली नाही,” ते वरूनच म्हणाले. “कधीच नव्हती. दरवर्षी मीच भरतो, मला माहीत नसेल?”

इंजिनीअर डोक्यावरचा चुना झटकत राहिला. मला मात्र गप्प बसणं जमत नाही.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?” माझा आवाज वर पुलावर ऐकू गेला असणार. “मग ती भिंत घातली तरी कशाला?”

“वारा,” बाबा म्हणाले. “इथून वारा जोरात यायचा. गिऱ्हाइकाच्या तोंडावरचा फेस उडायचा. म्हणून माझ्या आजोबांनी भिंत घातली. मिस्त्री-बिस्त्री काही नाही. पूल तर त्यांच्या आधीपासून आहे.”

“फेस उडायचा म्हणून!” मी कपाळावर हात मारला. “आणि माझं लग्न? ते पण फेस उडेल म्हणून?”

बाबा खुर्चीवरून खाली उतरले. उतरायला त्यांना वेळ लागला. चपला पायात सरकवल्या, कंगवा पुसला, जागेवर ठेवला, आणि मग परक्या माणसासमोर, माझ्याकडे न बघता म्हणाले, “मला पुलावर जायची भीती वाटते.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. जो माणूस पुलाखाली जन्मला, ज्याने पुलाखाली संसार केला, त्याला पुलाची भीती!

“लहान होतो,” ते म्हणाले. “उन्हाळ्यात नदीत पाणी नसायचं, तेव्हा मधल्या कमानीखाली वाळूत पडून होतो. वर बघत. आणि वरून दगड सुटला. माझ्यापासून हातभर लांब पडला. केवढा तरी मोठा. वर बघितलं तर कमानीला भगदाड. मी धावत येऊन वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, ‘गप्प बस. अर्धं गिऱ्हाईक पलीकडचं आहे.’ बसलो गप्प. पण तेव्हापासून पुलावर पाऊल टाकलं की पायाखाली ते भगदाड दिसतं. ट्रक गेला की वाटतं, आता बसणार. खाली राहायला भीती नाही. खाली जमीन आहे, वरचा एकेक दगड मी ओळखतो. वर गेलं की पायाखालचं काही दिसत नाही.”

“आणि भिंतीची गोष्ट?”

“ती वडिलांनी रचली, गिऱ्हाइकांना हसवायला. मी ती कामाला लावली. घाबरट म्हणवून घेण्यापेक्षा राखणदार बरा.” मग म्हणाले, “तुझ्या आईला माहीत होतं.”

मी खाली बसले, पडद्याजवळच्या स्टुलावर. जिचा मी एवढी वर्षं राग केला ती भिंत मुळात कुणाच्या आड आलेलीच नव्हती. मला रडू येत होतं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं. तेवढ्यात इंजिनीअर पुढे आला.

“काका, तो दगड कुठून पडला? कमान खांबावरून जिथे सुरू होते, तिथून?”

“तिथूनच.”

“चार बोटं बाहेर आलेला होता? त्याच्यासारखे अजून आहेत का, रांगेत?”

“आहेत. तिकडच्या बाजूला आहेत.”

“मग तो कमानीचा नाहीच,” इंजिनीअर म्हणाला. “कमान बांधताना खाली लाकडी साचा लागतो. तो साचा टेकवायला बांधणारे काही दगड मुद्दाम बाहेर काढून ठेवतात. कमान पुरी झाली, साचा काढला, की त्या दगडांचं काम संपलं. सगळे पडले तरी पुलाला ढिम्म काही होत नाही. मधली कमान सगळ्यात धडधाकट आहे. मी परवाच तपासली.”

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. हसले नाहीत. “इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं का नाही?” ते म्हणाले.

“तुम्ही विचारलंत कुणाला?” मी म्हटलं. ते मी ओरडून म्हणणार होते, पण तसं झालं नाही.

कुणाला वाटेल, आता बाबा उठून टणाटण पूल ओलांडून आले असतील. तसं काही झालं नाही. दगडाचं कारण कळलं म्हणून पायांना कळतंच असं नाही. भिंत पाडायला त्यांनी हरकत घेतली नाही; उलट मजुरांना कुठे विटा आहेत आणि कुठे गोटे ते स्वतः दाखवलं. पण राहायला माझ्याकडे यायला मात्र ते तयार झाले नाहीत. बाजाराच्या मागे एक खोली घेतली, अलीकडच्याच काठावर, आणि तिथे आरसा टांगला. गिऱ्हाइकं तिथे गेली. गोष्ट मात्र बंद पडली. पुलाचं काय झालं हो, असं कुणी विचारलं तर बाबा म्हणायचे, ‘मान सरळ ठेवा.’

खांबाचा पाया भरून झाला, गाड्यांवरची बंदी उठली. चौथी कमान मोकळी झाली. आमचं घर केवढंसं होतं ते आता कुणीही येऊन बघू शकत होतं. जिथे चूल होती तिथे गवत आलं. पुढच्या पुराला सगळं गाव काठावर जमलं. पाणी वाढलं, चौथीत शिरलं आणि पलीकडून सरळ बाहेर पडलं, जसं काही त्याला ती वाट आठवत होती. बाबाही आले होते. खांब हलला नाही. संध्याकाळपर्यंत ते तिथेच उभे होते, छत्रीसुद्धा न उघडता.

पाणी उतरल्यावर एका रविवारी त्यांनी नातीच्या हाती निरोप पाठवला, ‘आईला म्हणावं, पुलाच्या तोंडाशी ये.’

मी गाडी घेऊन गेले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, हातात दाढीच्या सामानाची पेटी घेऊन उभे होते. पेटी कशाला, असं मी विचारलं नाही. गाडीचं दार उघडून धरलं.

“गाडी नको,” ते म्हणाले. “उगीच वजन.”

मी गाडी कडेला लावली आणि त्यांच्या बाजूने चालायला लागले. सुरुवातीला बरे चालले. चढ लागला तसे हळू झाले. नजर खाली, एक हात कठड्यावर. त्यांच्या कपाळावर घाम होता. मला दुसरं काही येत नाही म्हणून मी त्यांच्याशी विद्यार्थ्याशी बोलते तसं बोलायला लागले. “खाली बघू नका. समोर बघा. मधे थांबायचं नाही, थांबलात की बंद पडाल.”

“ओरडू नकोस,” ते म्हणाले.

“ओरडत नाहीये. माझा आवाजच तसा आहे.”

उंचवट्याच्या थोडं अलीकडे दिव्याचा खांब आहे. तिथे ते थांबले. मी म्हटलं, झालं, आता परत फिरणार. चढावर बंद पडलेल्या विद्यार्थ्याला सांगते तेच सांगितलं, “हँडब्रेक ओढा. श्वास घ्या. घाई नाही.”

त्यांनी दिव्याच्या खांबावर हात ठेवला.

“इथपर्यंत आलो होतो,” ते म्हणाले.

“कधी?”

“तुझ्या लग्नाच्या दिवशी. हाच शर्ट. इथे उभा राहिलो. हॉलमधला आवाज ऐकू येत होता, माईकवरून कोणीतरी तुझं नाव घेतलं तेही ऐकलं. पुढे पाय उचलेना. लोक येत-जात होते, त्यांना वाटलं नदीचं पाणी बघतोय.” त्यांनी नाक ओढलं. “मग गेलो परत. भिंतीची गोष्ट सांगत बसलो.”

मी दिवसातून कितीतरी वेळा त्या खांबापाशी विद्यार्थ्यांना गाडी थांबवायला लावते. मी त्यांच्या हातातली पेटी घेतली आणि कोपर धरलं. हडकुळं कोपर होतं.

“पुढे दोन पावलांवर चढ संपतो,” मी म्हटलं. “मग उतारच आहे. उतारावर काही करावं लागत नाही.”

त्यांनी डोळे मिटले, मग उघडले. एक पाय टाकला. दुसरा टाकला. माथ्यावर आल्यावर मी त्यांना थांबू दिलं नाही. मागून एक ट्रक आला, पूल नेहमीसारखा थोडा थरथरला आणि बाबांनी माझा हात इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ उठला होता. ट्रक गेला. पूल होता तसाच होता. “गेला,” बाबा म्हणाले. “गेला,” मी म्हटलं.

उतार आम्ही भराभर उतरलो. शेवटी तर ते माझ्या पुढे होते. पूल संपतो तिथे रस्ता दोन्हीकडे फुटतो. बाबा तिथे थांबले. एका बाजूला बघितलं, दुसऱ्या बाजूला बघितलं. दुकानं, घरं, वाळत घातलेले कपडे. मला वाटलं, त्यांना पुन्हा भीती वाटली. पण तसं नव्हतं.

“तुझं घर डावीकडे की उजवीकडे?” त्यांनी विचारलं.